टाचेचं हाड

कार्तिक वद्य द्वितीया, शके १८६०. आबासाहेबांचा मळा, गंगाखेडजवळ.

त्या सकाळी सडा टाकून झाला होता, म्हशीची धार काढून झाली होती आणि मी परसात गोवऱ्या थापत बसले होते. चुलीवर कण्यांना आधण ठेवलेलं. हात शेणात असतानाच एक अनोळखी गडी दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं होतं. संक्रांत जवळ आलेली, मला वाटलं नवऱ्याच्या मालकानं दही धाडलं. मी हसून विचारलंसुद्धा, विरजण घट्ट आहे ना? मग मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुसायला उठले.

ही गेल्या पौषातली गोष्ट. सटवाजी, माझा नवरा, पाडव्यापासून आबासाहेबांकडे सालगडी होता. पटकीनं गेला म्हणाले. पटकीचं माणूस ठेवता येत नाही, म्हणून गोदागंगेच्या काठी लगेच अग्नी दिला, राख सावडली आणि मडकं आमच्या गावी, झरीला, माझ्याकडे धाडलं. अस्थी घरात घेत नाहीत. मी ते दारच्या लिंबाच्या फांदीला टांगलं. माझा भाऊ बन्सीधर पेरणीतून मोकळा होईपर्यंत ते तिथंच राहिलं. रोज कामं उरकली की मी खाली बसून सटवाजीला सांगत असे, म्हैस आटली, भिंत पडली, पाऊस बरा झाला.

आज ते मडकं रिकामं झालं. बन्सीधरनं घाटावर विधी केला, मी वरच्या पायरीवर उभी होते. राखेतून एक लहान हाड पायरीवर पडलं, ते उचलून त्यानं पाण्यात टाकलं. टोकाला दोन गोल गाठी होत्या, शेजारी शेजारी दोन चाकं ठेवावीत तशा. बोटाचं असेल. आगीत हाड कसंही होतं.

आणि लगेच असं झालं की मी अजून थक्क आहे. तो मडकं आणणारा गडी, चंद्रभान, घाटावर आला आणि म्हणाला की वैनीसाहेबांनी मळ्यावर बोलावलंय. वैनीसाहेब म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी, नर्मदाबाई. मी वाचते हे त्यांना सटवाजीकडून कळलं होतं. मला कुणी शिकवलं नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून एकेक अक्षर मीच जुळवलं. सटवाजीला त्याचा फार डौल. वैनीसाहेब म्हणाल्या, दुपारी पोथी वाच, सकाळी चार कामं कर, जेवूनखाऊन राहा. आमच्या रानात गेलेल्या माणसाच्या बायकोला आमी उघड्यावर सोडत न्हाई.

बन्सीधरच्या तोंडावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. त्याचीच पाच लेकरं आहेत. जाताना त्यानं ही अर्धी कोरी वही दिली, अक्षर विसरू नको म्हणाला.

गोठ्याशेजारी स्वच्छ खोली आहे. अंगावर नवी वाकळ. पेरू लगडलेत. लिहायला लाज वाटते, पण आज मी खुशीत आहे.

कार्तिक वद्य नवमी.

इथलं आता अंगवळणी पडलं. घर नवं, कौलारू, पुढे विहीर, मागे तुरीचं मोठं रान, रानापलीकडे उंच बांध आणि बांधाखाली गंगा. तुरीच्या कडेला वैनीसाहेबांसाठी मचाण बांधलंय. तिथं बसून त्या पान खातात आणि वारा घेतात.

कुत्री आहेत. लांब तोंडाची, पोट पाठीला चिकटलेलं, शिकारीची जात. आबासाहेब त्यांच्यासाठी जीव टाकतात. शिकारीला पोलिसांचे अमीनसाहेब येतात, चौकीचा जमादारही येतो. कुत्र्यांचं शिजवणं माझ्याकडे दिलंय. अंगणात वेगळी चूल, त्यावर कण्या आणि कसलं ना कसलं मटण. माझ्याआधी हे कडूबाई करायची. ती आता घरातला स्वयंपाक बघते. तीही विधवा, तिचा नवराही इथेच सालगडी होता. मी विचारलं, कशानं गेला? ती म्हणाली, पटकीनं. आणि कणीक मळत राहिली.

पोथी ऐकताना वैनीसाहेब फार रडतात. आज एका राजाच्या राणीला वनात सोडलं तो भाग होता, तर त्यांनी मला थांबवलं, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, किती निर्दयी गं मनकर्णे लोक, दगडाचं काळीज म्हणावं का काय. मग मला मूठभर खारका दिल्या.

चंद्रभान मला आक्का म्हणतो. त्याचं सगळं बोलणं बायकोचं. धुरपता तिचं नाव, पूर्णेकडची. आज सांगत होता, आक्का, मी गाणं म्हणायला लागलो की ती गाढवाला सांगती, बघ, तुझा भाऊ आला. हसून हसून माझ्या पोटात दुखलं. वर्षभरात मी अशी हसले नव्हते. तिला दिवस गेलेत. संक्रांतीला घरी जायचं म्हणतोय. कडूबाईनं त्याच्यापुढे भाकरी जरा जोरानंच आदळली आणि म्हणाली, साल पाडव्याला संपतं.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी.

सकाळी तुरीच्या रानात काड्या वेचायला जाते. तिथं कुत्र्यांनी नेऊन टाकलेली हाडं पडलेली असतात आणि मला ती ओळखायचा नाद लागलाय.

हा नाद सटवाजीचा. दुष्काळाच्या साली आम्ही दोघं गायरानातली हाडं वेचून पूर्णेच्या टेशनावर व्यापाऱ्याला विकायचो. भावकीला कळू दिलं नव्हतं, कळलं असतं तर पाणी बंद झालं असतं. पोत्यावर कडबा झाकून रात्रीच निघायचो. व्यापाऱ्याला शिंगं, खुरं, नळ्या निरनिराळ्या लागत, म्हणून सटवाजी मला शिकवत चालायचा. बैलाची दाढ घडीच्या कापडासारखी, आत दुमडी. घोड्याची नळी एकटी आणि सरळ. शेळीची नळी वरून एक, पण टोकाला दोन चाकं.

इथं मला ससा सापडला, काळवीट सापडलं, रोहीचा खुबा सापडला.

ते शेळीचं वाक्य लिहून मघापासून बसले आहे. घाटावरचं हाड बोटाचंच होतं. राखेत फुगतं हाड.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी.

आज एक हाड मिळालं, ओळखू येत नाही. मुठीएवढं, जाड, एका अंगाला गोलसर, दाताचे ओरखडे. बैलाला मागच्या पायात असतं ते उंच आणि निमुळतं, ते हे नव्हे. घोड्याचं नव्हे, डुकराचं नव्हे. काळविटाला एवढं जाड कुठलं? सटवाजी असता तर हातात घेऊन लगेच सांगता. पदरात बांधून आणलं आणि गोवऱ्यांच्या ढिगात ठेवलं.

दुपारी वाचताना सारखी चुकत होते. वैनीसाहेब म्हणाल्या, लक्ष कुठं हाय तुझं? नवरा आठवायला लागला का?

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी.

सकाळी विहिरीवर पाय धूत होते. काळ्या रानात टाचा फुटतात, म्हणून वजरी घेऊन घासायला बसले. डाव्या हातात टाच धरलेली.

धरली तशीच राहिले.

हातात तोच आकार होता. मागून गोल, खालून चपटी, मुठीत बसेल एवढी. जनावरं खुरावर चालतात, पंजावर चालतात. टाच टेकवून चालतं ते –

मी वजरी धुऊन जागेवर ठेवली. कुत्र्यांच्या कण्या शिजायला टाकल्या.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी.

कडूबाईला दाखवलं. तिनं फडकं उलगडलं, बघितलं आणि पुन्हा बांधून माझ्या हातात दिलं. हे काय, असंही विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, दोन वेळची भाकर मिळतीया ना? मी म्हटलं, मिळते. मग ढिगात ठेव आणि गप ऱ्हा, म्हणाली.

मी विचारलं, तुझ्या नवऱ्याच्या मडक्यात काय होतं? तिनं पोळपाट पुसून भिंतीला लावला. मग म्हणाली, मी उघडून बघितलं न्हाई. तू कशाला बघितलंस?

मार्गशीर्ष वद्य तृतीया.

रोज जाते. हाडं एका जागी नाहीत, रानभर आहेत. ती एकाच माणसाचीही नाहीत. खालचे जबडेच एकाहून जास्त मिळाले. माणसाला हनुवटी असते, जनावराला नसते, आता लांबूनही ओळखू येतं. सगळ्यांवर दात आहेत.

आणि आज बांधाजवळ, नदी जिथून दिसते तिथं, नडगी मिळाली. पुढून धार असलेली, माणसाची. मध्यावर मोठी गाठ.

सटवाजीच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं तेव्हा बांबूच्या कामट्या मी बांधल्या. हळद आणि अंड्याचा लेप मी लावला. हाड जुळलं, पण गाठ राहिली, पाय थोडा आखूड झाला. रात्री त्याला ठणका लागला की मी त्या गाठीवरच हात ठेवून निजायची. अंधारात शंभर नडग्या दिल्या तरी ही मी ओळखीन.

म्हणजे लिंबाला मी शेळी टांगली होती. वर्षभर शेळीच्या हाडांना सांगत होते, भिंत पडली, म्हैस आटली. शेळीसाठी बन्सीधरनं पिंड ठेवले आणि कावळा शिवला म्हणून मी समाधानानं रडले.

तो इथंच आहे. त्याला गंगेला न्यायचं आहे. गंगा बांधाच्या पलीकडे आहे आणि मला बांधावर एकटीला चढता येत नाही, मचाणावरून कुणीतरी हाक मारतं.

मार्गशीर्ष वद्य षष्ठी.

चंद्रभानला सांगितलं. बाकी कुणाला सांगणार? चौकीचा जमादार रविवारी इथंच जेवून गेला, कुत्र्यांना हातानं भरवून.

चंद्रभाननं नडगी हातात घेतली नाही. गड्यांमध्ये कुजबुज आहे म्हणाला. मधे साल मोडून जाणारा माणूस पुन्हा दिसत नाही. सटवाजीनं गेल्या पौषात रजा मागितली होती. झरीची बायको तापानं पडलीय म्हणाला होता.

तेव्हा मला ताप होता. मी निरोप धाडला नव्हता, त्याला कुणाकडून तरी कळलं असेल.

मी म्हटलं, चंद्रभान, तू जाऊ नको, पाडव्यापर्यंत थांब. तो हसला. आक्का, सटवाजी लंगडा व्हता. माझे पाय बघ. मी गडी हाय, ससा न्हाई.

मार्गशीर्ष वद्य एकादशी.

चंद्रभान पहाटे निघाला होता. सकाळी त्याला परत आणलं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. वैनीसाहेबांनी त्याला दूध दिलं. भरपूर गूळ घालून.

मग कडूबाई मचाणावर पानाचा डबा घेऊन गेली.

तुरीच्या अलीकडे त्याला उभं केलं. आबासाहेब म्हणाले, नदीला पाय लागले की तू मोकळा. आम्ही शब्दाचे पक्के आहोत.

तो फार जोरात पळाला, मागून कुत्री सोडली. मी चुलीपाशी होते, कण्या ढवळत. अर्ध्या तुरीपर्यंत मला त्याचं मुंडासं दिसत होतं. मला वाटलं पोचतो. मी मनात म्हणत होते, पोचतो, पोचतो –

मग मुंडासं दिसेना. तूर हलत होती.

त्यानं एकदा आक्का म्हणून हाक मारली.

कण्या करपल्या.

मार्गशीर्ष अमावास्या.

पोथी वाचायला बोलावलं. वाचली. वैनीसाहेब रडल्या.

मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, मनकर्णे, तुला हाडं कळतात म्हणे. कडूबाईनं सांगितलं. रागावल्या नाहीत. पाय चेपायला सांगितले आणि बोलत राहिल्या.

तुझा सटवाजी लंगडत व्हता, तरी बांधापर्यंत गेला. कुणाला वाटलं नव्हतं. लय जिद्दीचा. आमी मचाणावर उभ्या राहून बघत व्हतो.

मी पाय चेपत होते.

पटकीचा माणूस म्हणून गावाकडे मडकं धाडावं लागतं, म्हणाल्या. कडूबाईला काय कळतंय, शेळीची नळी टाकती. उद्या कुणी शहाण्यानं बघितलं तर? तू निवडून भर. जनावराचीच, पण माणसाची वाटतील अशी. चंद्रभानच्या बायकोला धाडायचंय, पूर्णेला. पोटुशी हाय बिचारी, तिच्या मनाला समाधान व्हायला पायजे.

नाही म्हणालीस तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या.

रात्र बरीच झाली, विचार करत बसले आहे. या मळ्यातून बाहेर काय जातं? गडी जात नाही. मी जात नाही. मडकं तेवढं जातं. आणि ज्या घरी जातं तिथून ते गंगेलाच येतं.

पौष शुद्ध द्वितीया.

काल मी काय केलं ते लिहिते.

कुत्र्यांची चूल मोठी पेटवली. गोवऱ्यांच्या ढिगातून सटवाजीला काढलं. नडगी, आणि तिच्या आसपास मिळालेलं, जे त्याचंच असं मला वाटतं. टाचेचं ते हाड कुणाचं, मला सांगता येत नाही, तेही घेतलं. आगीला दिलं. अग्नी देताना बायकांनी जायचं नसतं. मी होते. मंत्र येत नाहीत, त्याचं नाव घेतलं.

निवल्यावर पाट्यावर वरवंट्यानं मोडलं. नडगी मडक्यात अख्खी बसेना. गाठीवर घाव घातले, मोडली नाही. गाठीच्या वर मोडली, खाली मोडली. जिथं मी बांधलं होतं तिथंच ती सगळ्यांत पक्की होती.

राखेत सगळं ठेवलं. धुरपताला चंद्रभान मिळणार नाही. तो तुरीत आहे, त्याला गोळा करायला मला दिवस मिळाले नाहीत. पण तिला माणूस मिळेल. ती त्याच्याशी बोलेल, ते कुणा माणसाला ऐकू जाईल. त्याच्यासाठी रडेल. त्याला गंगेला आणेल.

वैनीसाहेबांनी मडक्यात हात घातला. गाठीचं हाडच हातात आलं. उजेडात धरून बघितलं, कोणत्या जनावराचं म्हणून विचारलं. मी बैलाचं म्हणाले. त्या खूश झाल्या. अगदी माणसाचं वाटतंय गं! कडूबाईला बोलावून दाखवलं, म्हणाल्या, बघ, काम असं असतं.

फडकं मीच बांधलं. गाडीवान मडकं घेऊन टेशनाकडे गेला. वळणापर्यंत दिसत होता.

गेला सटवाजी.

सुटला.

एवढं लिहून झालं आणि वैनीसाहेबांनी बोलावलं. म्हणाल्या, कडूबाईनं माझ्यापासून कधी काही लपवलं न्हाई. तू गोवऱ्यांत लपवलंस. लपवलेलं मला आवडत न्हाई. मग मायेनं विचारलं, झरीला बन्सीधरकडंच धाडायचं ना गं तुझं? कडूबाई भरंल, तिला जमंल तसं.

मला दूध दिलं. गूळ भरपूर होता.

वहीसाठी खोलीत आले आहे. पोथी आणते म्हणाले, म्हणून जाऊ दिलं. खिडकीतून तूर दिसते, बांध दिसतो. ऊन चांगलं आहे. वजरीनं टाचा घासून घेतल्या, भेगांनी पाय अडू नये. कासोटा घट्ट खोचला. वही ढिगात, त्याच्या जागेवर ठेव –

कडूबाई पानाचा डबा घेऊन मचाणाकडे निघाली. माझ्याकडे बघत नाही.

हाक मारतायत. नदीला पाय लागले की –